घरट्यावर नजर



मार्च 2025 मध्ये आपल्या युवक-युवतींच्या हातातील मोबाईलमध्ये एक घरटे शिरले होते. सकाळच्या मिस्सानंतर आवारातल्या झाडाखाली पाच-सहा जण डोके एकत्र करून काहीतरी पाहत बसत. क्रिकेट असेल असे आम्हाला वाटले. जवळ जाऊन पाहिले तर पडद्यावर राखाडी रंगाचे, हलत्या पिसांचे एक ढेकूळ दिसले. "फादर, ही जॅकी. तिच्या पोटाखाली तीन पिल्लं आहेत," असे आम्हाला सांगण्यात आले. आम्हीही मग चष्मा पुसून बसलो.

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात बिग बेअर नावाचे डोंगरातले सरोवर आहे. तिथल्या एका पाईन वृक्षावर, जमिनीपासून सुमारे 145 फूट उंचीवर, पांढऱ्या डोक्याच्या गरुडांचे घरटे आहे. निसर्गप्रेमींच्या एका स्थानिक संस्थेने त्याच्याजवळ कॅमेरा बसवला आहे आणि घरट्यातले चित्र दिवसरात्र जगभर दिसते. मादीचे नाव जॅकी, नराचे शॅडो. तिकडे रात्र असते तेव्हा आपल्याकडे दिवस, म्हणून आपल्या मुलांना सकाळी दिसायचे ते रात्रीचे चित्र. हा कॅमेरा रात्री ज्या प्रकाशात पाहतो तो पक्ष्यांच्या डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे त्यांची झोप मोडत नाही. पाहणाऱ्याला मात्र सगळे राखेत बुडाल्यासारखे दिसते.

या जोडप्याची आधीची दोन वर्षे वाया गेली होती. 2023 मध्ये आणि 2024 मध्ये त्यांच्या अंड्यांतून एकही पिल्लू आले नाही. 2024 ची अंडी तर मादीने हिमवादळात बसून उबवली, दिवस उलटून गेले तरी ती सोडायला तयार नव्हती, आणि लाखो लोक ते पाहत होते. म्हणून 2025 च्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात तीन पिल्ले बाहेर आली तेव्हा दूरदूरच्या माणसांना नातवंडे झाल्याचा आनंद झाला. पुढच्याच आठवड्यात मोठे हिमवादळ आले. नर-मादी दोघेही पिल्लांवर पंख पसरून बसले. वादळ ओसरले तेव्हा घरट्यात दोनच पिल्ले उरली होती.

त्या दिवशी आपल्या गायनमंडळातली एक मुलगी आमच्याकडे आली. रडून डोळे लाल झालेले. तिने विचारले, "फादर, कॅमेरा लावायला झाडावर माणूस चढला ना? मग पिल्लाला वाचवायला का नाही कोणी चढलं?"

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो. कृती आणि अकृती यांत नैतिक फरक आहे का, यावर उत्तरपत्रिकेची पाने भरली. तरी त्या क्षणी आम्हाला सरळ उत्तर देता आले नाही. "विचार करून सांगतो," म्हणालो. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे, आणि ते देण्यासाठी आम्हाला कॅलिफोर्नियाहून आपल्या धानाच्या बांधीत यावे लागले.

आधी गरुडाचे पूर्ण करू. इंग्रजीत या गरुडाला टकला म्हणतात, पण तो टकला नाही. त्या शब्दाचा जुना अर्थ पांढऱ्या तोंडाचा असा होता. चार-पाच वर्षांचा झाला की त्याचे डोके पांढरे होते, तोवर तो तपकिरीच असतो. अंडी साधारण पस्तीस दिवस उबवावी लागतात. दोघेही आळीपाळीने बसतात. पिल्लू दहा ते बारा आठवड्यांनी उडते. हा अमेरिकेचा मानाचा पक्षी, पण एके काळी तो संपत आला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतीत आणि डास मारण्यासाठी डीडीटी बेसुमार फवारले गेले. ते पाण्यात गेले, पाण्यातून माशांत, माशांतून गरुडात, आणि गरुडाच्या अंड्याचे कवच इतके पातळ झाले की उबवायला बसलेल्या आईच्याच वजनाने अंडे फुटू लागले. 1963 मध्ये अलास्का सोडून उरलेल्या सलग अमेरिकेत या गरुडांची फक्त 417 घरटी करणारी जोडपी मोजली गेली. 1972 मध्ये तिथे डीडीटीवर बंदी आली. 2007 मध्ये गरुडाचे नाव संकटग्रस्तांच्या यादीतून काढता आले, आणि 2021 मध्ये जाहीर झालेल्या गणनेत जोडप्यांचा आकडा 71,400 इतका आला. आपल्या मुलांनी मोबाईलवर पाहिलेले घरटे हे अशा परत आलेल्या पक्ष्याचे घरटे आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे या.

गोंदिया, भंडारा आणि वैनगंगा-बाघ नदीपलीकडचा बालाघाट हा धानाचा आणि तलावांचा मुलूख. मालगुजारी तलाव, गावागावांतल्या बोड्या, पावसाळ्यात तुडुंब भरलेल्या बांध्या. या पाण्यावर सारस जगतो. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच पक्षी हाच. उभा राहिला की पाच-सहा फूट, म्हणजे आपल्यातल्या पुष्कळांच्या खांद्याच्या वर. अंग राखी, पाय गुलाबी, आणि डोके व मानेचा वरचा भाग पिसे नसलेला, लालभडक. खरा टकला म्हणावा तर तो आपलाच! महाराष्ट्रातले जवळजवळ सगळे सारस गोंदियात आहेत, थोडे भंडाऱ्यात. इतर जिल्ह्यांतल्या माणसाला सारस पाहायचा तर त्याला रेल्वेचे तिकीट काढून आपल्याकडे यावे लागते. आपण मात्र सायकलवरून जाताना त्याच्याकडे मान वळवूनही पाहत नाही.

सारसाचे घरटे झाडावर नसते. रोवणी आटोपत आली, बांधीत किंवा तलावाच्या काठच्या गवतात पाणी उभे राहिले की जोडपे गवत, लव्हाळे आणि धानाची रोपे उपटून त्यांचा ढीग रचते. ढीग बैलगाडीच्या चाकाहून मोठा होतो. पाणी चढले तर ते आणखी काडी आणून तो उंच करतात. त्यावर बहुधा दोन अंडी. उबवण्याचा काळ महिनाभराचा. रात्रंदिवस एक जण बसलेला, दुसरा जवळपास चरत किंवा पहाऱ्यावर. एका जागी दुसरा बसायला आला की दोघे माना उंचावून जो कर्णा फुंकतात तो मैल-दीड मैलावर ऐकू जातो. पिल्लू अंड्यातून आले की थोड्याच वेळात आईबापांमागे पाण्यात चालू लागते. गरुडाच्या पिल्लासारखे त्याला घरट्यात बसून खायला मिळत नाही. उडायला तीन महिने लागतात. म्हणजे ऑगस्टमधले पिल्लू धान कापणीनंतर आकाशात जाते. तोवर कुत्रा, कोल्हा, घार, माणूस या सगळ्यांपासून त्याने पायी चालत वाचायचे. दोनांपैकी बहुधा एकच वाचते.

हे घरटे-निरीक्षण म्हणजे कॅमेऱ्याच्या युगातले खूळ आहे, असे आपल्यापैकी काही ज्येष्ठांना वाटेल. तसे नाही. चारशे वर्षांपूर्वी जहांगीर बादशहाने हेच केले. त्याने पाळलेल्या सारसांच्या एका जोडीला लैला आणि मजनू अशी नावे दिली होती. त्यांनी अंडी घातली तेव्हा त्याने माणसे नेमून बारीक नजर ठेवायला सांगितले आणि जे कळले ते आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवले. रात्रभर मादी अंड्यांवर बसते आणि नर शेजारी उभा राहून राखण करतो. एकदा मुंगसासारखे कसलेसे जनावर आले तर नराने त्याला बिळात घुसेपर्यंत पळवले. सूर्य उगवला की नर येऊन मादीच्या पाठीवर चोच फिरवतो, ती उठते आणि तो बसतो. साम्राज्याचे सगळे उद्योग असलेल्या माणसाला एवढी सवड होती, याचे आम्हाला नेहमी नवल वाटते. वाल्मीकींच्या कथेतला क्रौंच, ज्याच्या जोडीतला एक व्याधाच्या बाणाने पडला, तोही सारसच असावा असे काही अभ्यासक मानतात. आणि आपल्या पवित्र ग्रंथात यिर्मया संदेष्टा आठव्या अध्यायात पक्ष्यांचा दाखला देतो, तो त्यांना आपली वेळ कळते एवढ्याचसाठी. त्यानेही केव्हातरी मान वर करून आकाशाकडे पाहिले असलेच पाहिजे.

आपल्या जिल्ह्यात कॅमेऱ्याचे काम माणसे करतात. 'सेवा' ही गोंदियाची संस्था आणि सावन बहेकर व त्यांचे सोबती हे काम दीर्घकाळ करीत आले आहेत. एके काळी इथले सारस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. या मंडळींनी गावोगावी शेतकऱ्यांतून, तरुणांतून 'सारस मित्र' तयार केले. घरटे कुठे आहे, अंडी किती, पिल्लू निघाले का, याची नोंद हे मित्र ठेवतात. ज्याच्या बांधीत घरटे असेल त्या शेतकऱ्याशी बोलतात, शाळांतून जाऊन मुलांना सांगतात. दर वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी, पाणी आटून सारस मोजक्या तलावांवर गोळा होतात तेव्हा, वनखात्यासह पहाटे एकाच वेळी ठिकठिकाणी उभे राहून गणना होते. या कष्टाला फळ आले. गोंदियातला आकडा वाढत वाढत चाळिशीच्या पुढे गेला. पण 2020 नंतर तो पुन्हा उतरू लागला आणि तिशीच्या आसपास आला. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने वृत्तपत्रातल्या बातमीवरून स्वतःहून दखल घेतली आणि सारसाचा प्रश्न जनहित याचिका म्हणून सुनावणीस घेतला.

तीस पक्षी. रविवारच्या पहिल्या मिस्साला पावसाळ्यातसुद्धा याहून जास्त माणसे असतात.

आकडा का उतरला? इथे त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर दडले आहे. आपला सारस हिमवादळाने मरत नाही. तो मरतो विजेच्या तारेने. पहाटे तलावावरून शेताकडे आणि संध्याकाळी शेताकडून तलावाकडे तो कमी उंचीवरून उडतो. अंगाने जड, पंखांचा पसारा सात-आठ फुटांचा, त्यामुळे ऐन वेळी वळता येत नाही. अंधुक प्रकाशात तार दिसत नाही. आपटला तर मान मोडते, दोन तारांना एकदम पंख लागले तर जळून पडतो. जोडीतला एक असा गेला तर दुसरा त्या जागी दिवसेंदिवस घुटमळताना लोकांनी पाहिला आहे. तारांना आवरण घालता येते, त्यांवर दिसतील अशा खुणा टांगता येतात, त्या जमिनीखालून नेता येतात. खर्च होतो, वेळ लागतो, कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातात. तो दुसरा शत्रू म्हणजे औषध. तुडतुड्यासाठी, खोडकिड्यासाठी आपण जे बांधीत टाकतो ते बेडकात, गोगलगायीत जाते, आणि सारस तेच खातो. डीडीटीची गोष्ट वर उगाच सांगितली नाही. शिवाय बुजवलेल्या बोड्या, तलावाच्या पोटात सरकलेले बांध, गावातली मोकाट कुत्री.

म्हणून आम्ही त्या मुलीला असे सांगू: बाळ, बिग बेअरच्या झाडावर कोणी चढला नाही ते बरोबरच होते. कॅमेरा लावायला माणूस चढला तो घरटे रिकामे असताना. वादळात चढला असता तर आईबाप उडाले असते आणि एकाऐवजी तिन्ही पिल्ले गारठली असती. शिवाय तिकडच्या कायद्यानेही घरट्याला हात लावता येत नाही. तिथे न चढणे ही कृतीच होती, आणि कठीण कृती होती. बर्फ माणसाने पाडला नव्हता. पण तार माणसाने ओढली आहे. बर्फासमोर हात बांधून पाहत राहणे आणि तारेसमोर हात बांधून पाहत राहणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात, पण त्या सारख्या नाहीत. उत्तरपत्रिकेत आम्ही हे इतक्या थोडक्यात लिहिले असते तर गुण मिळाले नसते, ते असो.

एवढ्यावर हा विषय मिटला असता तर आम्हाला समाधान वाटले असते. पण गेल्या पावसाळ्यात आम्ही एका शेतकरी बांधवाच्या बांधीवर गेलो होतो. घरटे त्याच्या धानात होते. धुऱ्यावर उभे राहून आम्ही दुर्बिणीतून पाहत होतो आणि मनातून फार प्रसन्न होतो. तो मात्र गप्प होता. मग म्हणाला, "फादर, पाखरू तं दोन पायानं तुडवते. पाहाले येणारे चाळीस पायानं तुडवतात."

आम्ही खाली पाहिले. धुरा चिखलाने फुटला होता. बांधीतले पाणी खालच्या बांधीत जात होते. आमच्या आधी मोटारसायकलवरून तरुण येऊन गेले होते, त्यांनी फोटोसाठी आत उतरून धान आडवे केले होते. त्यांच्या येण्याने मादी उठली होती आणि बराच वेळ परतली नव्हती. त्याने हे तक्रार म्हणून सांगितले नाही, विचारले म्हणून सांगितले. घरट्यासाठी उपटलेले धान, तुडवलेली रोपे यांचा हिशेब त्याने बोटांवर करून दाखवला. फार नव्हते, पण ज्याची शेती दीड एकर त्याला ते थोडेही नव्हते. आणि तरी त्याने घरट्याच्या बाजूची फवारणी त्या वर्षी केली नव्हती. का, म्हणून विचारले तर म्हणाला, "अंडे होते ना."

उत्तर प्रदेशात, जिथे भारतातले बहुतेक सारस आहेत, के. एस. गोपी सुंदर या अभ्यासकाने दीर्घकाळ काम केले आहे. सारस तिथे राखीव जंगलात नव्हे, शेतकऱ्यांच्या शेतात टिकला, असे त्यांच्या अभ्यासातून दिसते. हा पक्षी सरकारने सांभाळला असे म्हणण्यापेक्षा ज्यांनी त्याला हाकलले नाही त्यांनी सांभाळला, असे म्हणणे खरे. त्याच उत्तर प्रदेशात 2023 मध्ये एक वेगळी गोष्ट गाजली. अमेठीच्या एका तरुणाने जखमी सारसाला बरे केले, पक्षी त्याच्यामागे मोटारसायकलच्या वेगाने उडू लागला, लोकांनी ती चित्रफीत डोक्यावर घेतली आणि शेवटी वनखात्याने पक्षी नेला, तो कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात पोहोचला. चूक कोणाची यावर आपल्या युवकांत बराच वाद झाला. आम्हाला वाटते त्या तरुणाचे प्रेम खरे होते आणि तरीही त्या प्रसिद्धीने पक्ष्याचे रान गेले. पाहणाऱ्यांची गर्दी ही गोष्ट निरुपद्रवी नसते. कॅमेऱ्याचा हाच मोठा गुण आहे: लाखो माणसे पाहतात आणि झाडाखाली एकही पाऊल उमटत नाही. आपल्या बांधीत ती सोय नाही, म्हणून पावले आपणच मोजायची.

आता थोडे कामाचे. घरटे दिसले तर त्याची जागा मोबाईलवर सगळ्यांना पाठवू नका. 'सारस मित्रा'ला किंवा वनखात्याला कळवा. दुर्बीण किंवा लांबचा फोटो पुरे, दोन-तीनशे पावलांच्या आत जाऊ नका. मादी मान ताठ करून उभी राहिली की तुम्ही जास्त जवळ आला आहात असे समजा आणि मागे फिरा. दुपारच्या उन्हात तर मुळीच जाऊ नका, मादी उठली की उघडी अंडी तापतात. आपला कुत्रा शेतावर नेत असाल तर बांधून ठेवा. औषधाचे रिकामे डबे बोडीत धुऊ नका. हे शेवटचे सारसासाठी नसले तरी चालेल, त्या बोडीत आपलीच गुरे पाणी पितात. आणि ज्यांच्या बांधीत घरटे आहे त्या कुटुंबाला भेटायला जा, पक्ष्याला नव्हे. पुढच्या हंगामात त्यांच्या धुऱ्याच्या दुरुस्तीला युवक मंडळाने एक सकाळ द्यावी, असे आम्ही मंडळाच्या अध्यक्षांना सुचवले आहे. त्यांचे उत्तर अजून यायचे आहे.

जॅकीच्या उरलेल्या दोन पिल्लांची नावे तिथल्या शाळकरी मुलांनी ठरवली: सनी आणि गिझ्मो. जून 2025 च्या सुरुवातीला दोघेही उडाले. आमची गायनमंडळातली मुलगी त्या दिवशी धावत सांगायला आली. "पण फादर, आता घरटं रिकामं दिसतं," असे म्हणून ती थोडा वेळ रिकाम्या घरट्याकडेच पाहत राहिली.

मे-जूनमध्ये बोड्या आटल्या की सारस मोठ्या तलावांवर एकत्र येतात. त्या वेळी घरटे नसते, त्यामुळे पाहण्याला हरकत नसते. ज्यांना यायचे असेल त्यांनी युवक मंडळाकडे नाव द्यावे. पहाटे साडेतीनला आवारातून निघायचे आहे, कारण उजाडण्याआधी तलावाच्या पाळीवर पोहोचून गप्प बसावे लागते. चहा आम्ही थर्मासमधून आणू. पांढरे कपडे घालू नयेत. बॅटरी आणावी, पण पाळीवर चढल्यावर ती विझवावी.